‘गार्डन व्ह्यू’ आहे, पण गार्डन कुठंय?

नाशिकमध्ये फ्लॅट शोधताय? ब्रोशरवरची हिरवळ मनसोक्त बघून झाली असेल, तर आता जरा मंजूर नकाशाही बघू या. कारण आपल्या बाल्कनीतून पुढची वीस वर्षं काय दिसणार, हे लँडस्केप डिझायनर नाही, बांधकाम नियमावली ठरवते!

गेल्या काही महिन्यांतले माझे बरेचसे रविवार सॅम्पल फ्लॅट बघण्यात गेलेत. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, आडगाव, म्हसरूळ... हेल्मेट, पाण्याची बाटली आणि बजेट सोबत घेऊन निम्मं शहर पालथं घातलं. त्यात एक शोध लागला. नाशिकमध्ये नुसता फ्लॅट मिळतच नाही. तो ‘पांडवलेणी फेसिंग’ असतो, ‘रिव्हर टच’ असतो, नाहीतर ‘निसर्गाच्या कुशीत’ तरी असतोच. होर्डिंगवर एक गोंडस कुटुंब गवतावर लोळत असतं. मागे इतकी झाडं, की इमारत शोधावी लागते.

एका साइटवर सेल्सवाल्या मुलानं उत्साहानं सांगितलं, ‘मॅडम, सेव्हंटी पर्सेंट ओपन स्पेस आहे!’ मी म्हटलं, दाखव. त्यानं नकाशावर बोट फिरवलं. ड्राइव्ह-वे, विझिटर्स पार्किंग, दोन इमारतींमधलं अंतर, कंपाउंडलगतची पट्टी... सगळं ओपनच होतं. प्रश्न एवढाच, की त्यात झाड लावायला जागा कुठे होती? बाग होती, पण ती पार्किंगच्या स्लॅबवर. तिथे लॉन येईल, शोभेचे पाम येतील. वड किंवा कडुलिंब येणार नाही. त्यांच्या मुळांना खोल माती लागते, आणि खाली तर कुणाची तरी एसयूव्ही उभी असते.

तेव्हापासून मी ब्रोशर वाचणं बंद केलं आणि नियमावली वाचायला घेतली. विषय कोरडा वाटतो ना? पण आपण आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्ज ज्याच्यासाठी काढतो, त्याची कुंडली तिथेच आहे.

अर्धी योगा मॅट

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके अपवाद सोडले तर राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिचं नाव युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली. नाशिकही त्यात आहे. तिच्यात आपल्या कामाचा पहिला नियम असा : प्लॉट ४,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठा असेल, तर १० टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडायची. खेळायला, बसायला, झाडांना. खरी ‘ओपन स्पेस’ म्हणतात ती हीच.

आता दुसरा नियम. प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल, म्हणजेच एफएसआय, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मूळ एफएसआय १.१. रस्ता नऊ मीटरचा असेल तर पैसे भरून प्रीमियम एफएसआय आणि विकत घेतलेला टीडीआर मिळून तो २ पर्यंत जातो. तीस मीटरच्या रस्त्यावर ३ पर्यंत. त्याच्यावर जिने, पॅसेज, बाल्कनी वगैरेंसाठी निवासी बांधकामाला आणखी ६० टक्के अ‍ॅन्सिलरी एफएसआय.

चला, हिशेब करू. एक एकराचा प्लॉट, समोर नऊ मीटरचा रस्ता. सगळी परवानगी वापरली तर बांधकाम ४,००० गुणिले २ गुणिले १.६, म्हणजे १२,८०० चौरस मीटर. जिना-पॅसेज धरून एका फ्लॅटला ८० चौरस मीटर धरले तर १६० फ्लॅट. घरटी चार माणसं म्हणजे ६४० रहिवासी. आणि मोकळी जागा? ४०० चौरस मीटर. माणशी जेमतेम ०.६ चौरस मीटर. एक योगा मॅट साधारण एक चौरस मीटरची असते. म्हणजे नियमाप्रमाणे सगळं चोख केलं, तरी आपल्या वाट्याला अर्ध्या मॅटहून थोडं जास्त येतं. सूर्यनमस्कार पाळीपाळीने घाला!

केंद्र सरकारची २०१४ ची नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वं शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी म्हणतात. त्यात शहरातल्या मोठ्या बागा, मैदानंही धरलेली असतात, हे खरं. पण मग उरलेले नऊ-दहा मीटर शहरानं द्यायचे आहेत, हेही तितकंच खरं.

बंगला गेला, टॉवर आला

मोठे प्रोजेक्ट जाऊ द्या. नाशिकची खरी शान कुठली? कॉलेज रोड, पंडित कॉलनी, थत्तेनगर, तिडके कॉलनी. दुमजली बंगले, दारात आंबा, कुंपणावर बोगनवेल. या कॉलन्यांमध्ये आता एकेक करून बंगले पाडले जातात आणि तिथे सात-आठ मजली इमारती उभ्या राहतात. यात वाईट काही नाही. शहर वाढतंय, माणसं येतायत, आपल्यालाही घर हवंच आहे. आणि शहर द्राक्षमळ्यांवर पसरण्यापेक्षा आतल्या आत उंच झालेलं बरंच.

गोम वेगळीच आहे. बंगल्याचा प्लॉट एक एकराच्या कितीतरी आत असतो. त्यामुळे १० टक्क्यांची सक्ती त्याला लागूच होत नाही. तर्क असा, की जुन्या लेआऊटमध्ये मोकळी जागा आधीच सोडलेली आहे. बरोबर. पण ती सोडली होती समजा तीस बंगल्यांसाठी. प्रत्येक बंगल्याच्या जागी आठ-आठ फ्लॅट आले, तर त्याच तुकड्यावर २४० कुटुंबं येतात. माणसं आठपट, मैदान तेवढंच. शिवाय बंगल्याच्या आवारातला आंबा गेला तो गेलाच. त्याच्या जागी पेव्हर ब्लॉक येतात, कारण आठ घरांच्या गाड्या कुठेतरी लावायच्या असतात.

म्हणजे नियमावली बांधकाम वाढवताना रस्त्याची रुंदी मोजते. त्या गल्लीत दर माणशी किती मोकळी जागा उरली, हे मात्र मोजत नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

एका कपाटाची गोष्ट

नियम कोरडे वाटत असतील तर अस्सल नाशिकची एक गोष्ट ऐका. इथल्या बिल्डर मंडळींसमोर नुसतं ‘कपाट’ म्हणा, चेहरे बदलतात.

जुन्या नियमावलीत कपाटासाठी ठेवलेली जागा ठरावीक मर्यादेत एफएसआयमध्ये धरली जात नसे. सवलत होती, तिचा पुरेपूर उपयोग झाला. अनेक इमारतींत नकाशावरचं कपाट प्रत्यक्षात खोलीत सामील झालं. खोली ऐसपैस झाली, ग्राहक खूश, बिल्डर खूश. पण तेवढं बांधकाम मंजुरीपेक्षा जास्त ठरत होतं. २०१४ ते २०१६ मध्ये डॉ. प्रवीण गेडाम महापालिका आयुक्त असताना यावर बोट ठेवलं गेलं आणि अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. हजारो फ्लॅट या चक्रात सापडले. घर तयार, हप्ते सुरू, पण कागदावर इमारत अपूर्ण! असं घर विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक बिचकतं आणि त्या गिऱ्हाइकाची बँकही बिचकते.

जास्तीचं बांधकाम टीडीआर घेऊन नियमित करता आलं असतं. पण नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरायला बंदी होती आणि नाशिकच्या कॉलन्यांमध्ये सहा आणि साडेसात मीटरचे रस्ते भरपूर. अखेर तोडगा निघाला तो असा : प्लॉटधारकांनी समोरची पट्टी रस्त्यासाठी सोडायची, महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली रस्ता नऊ मीटरचा करायचा आणि मग टीडीआर घ्यायचा. २०१९ च्या सुमारास ही कोंडी फुटू लागली.

अडकलेल्या कुटुंबांची सुटका व्हायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण किंमत कुणी मोजली ते पाहा. कंपाउंडच्या आतली पुढची पट्टी, जिथे एखादा पारिजातक उभा असतो, तीच रस्त्यात गेली. एक कपाट आत घेतलं आणि अंगण बाहेर गेलं.

२०२० च्या नियमावलीनं एक चांगलं केलं. बाल्कनी, जिना, कपाट असं बहुतेक सगळं बांधकाम आता एफएसआयमध्येच मोजलं जातं. लपवालपवीचं कारण कमी झालं. मोजमाप सरळ असलं की सामान्य ग्राहकालाही ते तपासता येतं.

पिवळं, हिरवं आणि मध्येच लाल

आता शहराच्या पातळीवर येऊ. नाशिकची पहिली विकास योजना १९९३ मध्ये मंजूर झाली. वीस वर्षांनी ती सुधारायची होती. पण २०१३ चा मसुदा इतका वादग्रस्त ठरला, की तो बाजूला ठेवून नव्यानं आराखडा करावा लागला. नवी योजना मंजूर झाली ती थेट जानेवारी २०१७ मध्ये. मधल्या काळात शहर थांबलं होतं का? छे!

नाशिकचा कुठलाही एजंट तुम्हाला ‘यलो झोन’ आणि ‘ग्रीन झोन’ या भाषेत बोलताना दिसेल. पिवळा म्हणजे निवासी, हिरवा म्हणजे शेती. दर आराखड्यात पिवळा सरकतो, हिरवा आक्रसतो. उरतात ती बागा, मैदानं, शाळा यांची आरक्षणं. इथे १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ लक्षात ठेवा. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही (ती २०१५ मध्ये २४ महिने झाली) पालिकेनं पाऊल उचललं नाही, तर आरक्षण उडतं. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून ही तरतूद रास्तच आहे. पण पालिकेनं वेळेवर पैसा किंवा टीडीआर देऊन जागा घेतली नाही, तर ‘समोर गार्डनचं आरक्षण आहे’ म्हणून तुम्ही जास्त भाव देऊन घेतलेल्या फ्लॅटसमोर उद्या दुसरी इमारत उभी राहू शकते.

मखमलाबाद-हनुमानवाडी परिसरात स्मार्ट सिटीनं वेगळा प्रयोग मांडला होता. तो म्हणजे नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते, बागा आखायच्या, मग उरलेले विकसित प्लॉट मालकांना परत द्यायचे. अहमदाबाद याच पद्धतीनं वाढलं. इथे मात्र अनेक शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. मळा देऊन हाती नक्की किती येणार, याचा भरवसा त्यांना वाटत नव्हता. पद्धत चांगली असून भागत नाही. ज्याची द्राक्षबाग जाणार, त्याला हिशेब पटावा लागतो.

आणि ‘रिव्हर टच’चं काय? १९ सप्टेंबर २००८ चा गोदावरीचा महापूर आठवत नसेल तर घरातल्यांना विचारा. त्यानंतर नदीकाठी पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला बंदी, बाग वगैरे चालते. निळ्या-लाल रेषांच्या मध्ये बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर. खरं तर ही निळी रेषा म्हणजे शहराला फुकटात मिळालेला हिरवा पट्टा आहे, राखला तर.

तपोवन आणि आपली गल्ली

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनातली सुमारे अठराशे झाडं हटवण्याचा विषय निघाला आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. त्यात आपल्या वयाची मुलं-मुली कितीतरी होती. त्याआधी २०१५ मध्ये सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनीच एका दिवसात अकरा हजार झाडं लावून देवराई उभी केली. म्हणजे या शहराला झाडांचं प्रेम शिकवायची गरज नाही.

फक्त तेच प्रेम लेआऊटच्या नकाशापर्यंत पोचायला हवं. डोंगरावरची देवराई आपल्या गल्लीत सावली देत नाही. माझ्या मागण्या तीनच आहेत. प्रत्येक लेआऊटच्या ओपन स्पेसची यादी, क्षेत्रफळ आणि सद्यःस्थितीसह लोकांसमोर असावी. जुन्या कॉलनीत वाढीव एफएसआय देताना तिथली दर माणशी मोकळी जागा मोजावी. आणि त्या वाढीव एफएसआयपोटी महापालिकेला मिळणाऱ्या पैशांतला ठरावीक वाटा त्याच कॉलनीच्या मैदानावर, झाडांवर खर्च व्हावा. सिंगापूरनं २००९ पासून बिल्डरांना जमिनीवरची गेलेली हिरवळ इमारतीत भरून द्यायला लावली. आपण निदान जमिनीवरची आहे ती तरी मोजू या.

माझा फ्लॅट अजून ठरलेला नाही. पण आता साइटवर गेले, की मी आधी सॅम्पल किचन बघत नाही. मंजूर नकाशा मागते. सेल्सवाली मुलं जरा गोंधळतात, मग आतून कुणीतरी सीनियर येतो आणि खरं बोलणं सुरू होतं.

बुकिंग करण्यापूर्वी हे विचाराच!

• मंजूर लेआऊटमध्ये १० टक्के ओपन स्पेस नेमकी कुठे आहे? जमिनीवर की स्लॅबवर?

• समोरचा रस्ता आज किती मीटरचा आहे आणि आराखड्यात किती मीटरचा? उद्या रुंद झाला तर कंपाउंडमधलं काय जाईल?

• शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कोणतं आरक्षण आहे? महापालिकेनं तो ताब्यात घेतलाय का? विकास योजनेचा झोन दाखला बघा.

• गोदावरी, नासर्डी (नंदिनी) किंवा वाघाडीच्या जवळ असाल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर दाखवायला सांगा.

• प्लॉटवर जुनी झाडं होती का? तोडायची परवानगी होती का? २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असतात. ती कुठे लावली?

• प्लॉट ५०० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर रेन वॉटर हार्वेस्टिंग बंधनकारक आहे. कागद नको, खड्डा दाखवा म्हणा.

• तयार घर असेल तर पूर्णत्वाचा दाखला. चालू प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या नोंदणीतला नकाशा आणि हातातलं ब्रोशर शेजारी ठेवून बघा.