रंग पातळ कशाने करावा, एअरब्रश धुवावा कशाने?

गणपतीला दोन महिने उरले की जळगाव-धुळ्यातल्या मूर्तिशाळांमध्ये कंप्रेसरची घरघर सुरू होते. मूर्तीला पहिला हात मोठ्या गनने बसतो. गालावरची लाली, सोंडेच्या वळणातली सावली, पितांबराच्या चुण्यांमधली गडद छटा मात्र एअरब्रशने उठवतात. डोळ्यांची आखणी तेवढी अजून कुंचल्याची. हाच एअरब्रश घरी घेऊन बसणारी दुसरी मंडळीही आहेत: प्लास्टिकची विमाने, रणगाडे, जहाजे जोडून रंगवणारी. दोघांपुढे प्रश्न एकच. रंगाच्या कंपनीचे खास थिनर आणि क्लीनर गावात मिळेलच असे नाही, आणि मिळाले तरी छोट्या बाटलीची किंमत जड जाते. मग नजर घरातल्या कपाटाकडे वळते. काच पुसायचा निळा स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर, करोनाच्या दिवसांत उरलेले सॅनिटायझर, व्हिनेगर, भांड्यांचे लिक्विड. यातले बरेच काही खरोखर कामाला येते. फक्त कोणते कुठे, हे रंगाचे रसायन समजल्याशिवाय कळत नाही.

एअरब्रशच्या तोंडाशी जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिमीटरचे छिद्र असते आणि त्यात सुईचे टोक बसलेले असते. खटका दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई सरकते आणि रंग हवेच्या झोतात ओढला जातो. एवढ्याशा वाटेत सुकलेल्या रंगाचा कणभर पापुद्रा अडकला तरी फवारा थुंकू लागतो. म्हणून कारागिराचा अर्धा वेळ रंगवण्यात, तर अर्धा धुण्यात जातो.

इथे एक घोळ नेहमी होतो. ज्या द्रवाने ब्रश चकाचक होतो, त्यानेच रंग पातळ करायचा, असे धरून चालतात. पण ही दोन कामे एकमेकांच्या उलटी आहेत. थिनरने रंगातला बांधणारा पदार्थ, म्हणजे राळ, सुखरूप ठेवून फक्त तिच्या कणांमधले अंतर वाढवायचे असते. क्लीनरने त्याच राळेला फुगवून, सोलून बाहेर काढायचे असते. चांगला क्लीनर बहुधा वाईट थिनर असतो.

पाण्यावरच्या ॲक्रिलिक रंगाचे उदाहरण घ्या. कॅम्लिन, फेविक्रिलपासून भिंतीच्या इमल्शनपर्यंत सगळे याच कुळातले. यात राळ विरघळलेली नसते. तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि रंग किंचित अल्कधर्मी ठेवल्यामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. पाणी उडाले की कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि सलग पापुद्रा बनतो. हा बदल परत फिरत नाही. ओला रंग पाण्याने धुतला जातो, तासाभराने तोच रंग पाण्याला दाद देत नाही.

अशा रंगात व्हिनेगर टाकले तर? लिंबू पडल्यावर दूध फाटावे तसा रंग फाटतो. आम्लामुळे कणांना लांब ठेवणारा विद्युतभार नाहीसा होतो आणि सगळे गोळा होऊन बसते. व्हिनेगरचा उपयोग आहे, पण वेगळ्या जागी: ब्रशमध्ये साचलेला क्षाराचा पांढरा थर काढायला. खानदेशात हा थर हमखास येतो, कारण काळ्या कातळातून वर येणारे बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम रंगाच्या कणांनाही त्रास देते. यावर स्वस्त उपाय पेट्रोल पंपावर किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो: इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी. ते क्षारमुक्त केलेले असते. बॅटरीचे ॲसिड वेगळे आणि पाणी वेगळे, एवढे लेबल वाचून घ्यावे.

पाण्याची दुसरी अडचण पृष्ठताणाची. तो सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा २२ च्या आसपास. त्यामुळे नुसत्या पाण्याने पातळ केलेला रंग गुळगुळीत प्लास्टिकवर पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसतो. भांड्यांच्या लिक्विडचा अगदी एक थेंब पेलाभर पाण्यात घातला तरी हा ताण झपाट्याने उतरतो. जास्त घातला तर फेस होतो आणि सुकलेला थर पकड सोडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल जळगावात गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाइल दुरुस्ती करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातले, सर्किट पुसायचे. जपानी तामियासारख्या काही ॲक्रिलिक रंगांत मुळातच अल्कोहोल असते, त्यांना ते छान मानवते. निव्वळ पाण्यावरच्या इमल्शनमध्ये मात्र त्याने चिकट गुठळ्या होऊ शकतात. म्हणून आधी जुन्या बशीत चार थेंब मिसळून पाहणे बरे. ब्रश धुवायला मात्र ते उत्तम: सुकलेला ॲक्रिलिक थर त्यात फुगतो आणि सुटतो.

सॅनिटायझरबद्दल थोडे सावध राहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या पातळ सॅनिटायझरमध्ये ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल, १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड असते. ते धुण्याला चालते. जेलमध्ये मात्र घट्टपणासाठी पॉलिमर घातलेला असतो आणि तोच छिद्रात जाऊन बसतो.

ग्लिसरीनचा उल्लेख आला, तर त्याची बाजू मांडलीच पाहिजे, कारण खानदेशी उन्हाळ्यात यासारखा मित्र नाही. मेडिकलमध्ये छोटी बाटली मिळते. तेल किंवा चरबीचा साबण केला की सोबत ग्लिसरीन तयार होतेच; अमळनेरला १९४५ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती तूप आणि साबणाच्या कारखान्याने, म्हणजे आजच्या विप्रोच्या मूळ कंपनीने, हेच तेलाचे रसायन धंद्याला लावले. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क असते, आणि रंगाचा तुषार मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत सुकतो. पृष्ठभाग खरखरीत होतो, सुईच्या टोकावर रंगाची बोंडी धरते. थिनरमध्ये ग्लिसरीनचे एक-दोन थेंब हे सुकणे लांबवतात. प्रमाण वाढले तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो.

धुळ्याच्या जानेवारीत उलटे घडते. पहाटे पारा पाच-सहा अंशांवर आला की ॲक्रिलिकचे कण कडक पडतात, पाणी उडून जाते पण कण एकजीव होत नाहीत, आणि थर भुकटीसारखा निघतो. इथे कुठलेही थिनर कामाचे नाही. ऊन वर येईपर्यंत थांबावे.

पावसाळ्याची कथा लॅकरची. एन.सी. लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज. त्याचा थिनर भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. श्रावणातल्या दमट हवेत त्या गार थरावर बाष्प जमते आणि चकाकीच्या जागी पांढुरकी झाक येते. उपाय म्हणजे सावकाश उडणारा द्रावक. असा एक द्रावक ॲमिल ॲसिटेट. त्याच्याच जवळचा आयसोॲमिल ॲसिटेट म्हणजे पिकल्या केळ्याच्या वासाचा मुख्य धनी. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते, हा १४२ ला. रावेर-यावलच्या केळीला २०१६ मध्ये ‘जळगाव केळी’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या घडांतूनही हाच रेणू दरवळतो. अर्थात फळात तो इतका अल्प असतो की त्यातून थिनर काढण्याचा विचारही नको; लॅकरसाठी तो कारखान्यातच बनतो.

कोणता द्रावक कोणती राळ विरघळवेल, हे केवळ अंदाजावर सोडावे लागत नाही. चार्ल्स हॅन्सन यांनी १९६७ मध्ये प्रत्येक द्रावकाला तीन आकडे देण्याची पद्धत मांडली: रेणूंमधले साधे आकर्षण, ध्रुवीयता आणि हायड्रोजन बंध. राळेचे आणि द्रावकाचे आकडे जवळ आले की विरघळणे होते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रंग तंत्रज्ञान शिकवले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांना ही त्रयी परिचयाची. नेलपॉलिश रिमूव्हरचे वागणे तिने उलगडते. त्यातले ॲसिटोन लॅकर आणि सुकलेले ॲक्रिलिक दोन्ही काढते, पण मॉडेलचे पॉलिस्टायरिनही वितळवते आणि ब्रशमधल्या रबरी रिंगा फुगवते. सुई-नोझल पुसायला ठीक. अख्खा ब्रश त्यात रात्रभर बुडवून ठेवणे म्हणजे त्याचे वाटोळे.

ऑइल पेंट किंवा इनॅमल हे तिसरे कूळ. त्यातली अल्किड राळ हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जाऊन जाळे विणते. ओली असेपर्यंत टर्पेंटाइन पुरते. जाळे पक्के झाल्यावर टर्पेंटाइनच काय, रॉकेलही फार काही करू शकत नाही. शिवाय रॉकेल मागे तेलकट थर सोडते आणि पुढचा रंग त्यावर धरत नाही. मे २०२० मधल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित सूचनांनीही मूर्तींसाठी पाण्यावरचे, बिनविषारी रंगच सांगितले आहेत.

निळ्या काच-स्प्रेचे काय? पाणी, थोडा द्रावक आणि फेसकारक असल्याने तो ओले ॲक्रिलिक झकास धुतो. मात्र काही स्प्रेंत अमोनिया असतो आणि बहुतेक एअरब्रश आतून पितळेचे असतात, वर क्रोमचा मुलामा. पितळ आणि अमोनिया यांचे वैर हिंदुस्थानातच उघडकीला आले. इंग्रजांच्या फौजेने पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली पितळी काडतुसे तडकलेली निघत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि धातू ओढताना आत राहिलेला ताण, या दोघांच्या संगनमताने तडे जातात, असे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखवले. म्हणून अमोनियावाला स्प्रे वापरला तर लगेच साध्या पाण्याने ब्रश धुऊन काढावा. कुठलेही ब्लीच त्यात मिसळू नये. अमोनियाबरोबर विषारी क्लोरामाइन वायू सुटतात, व्हिनेगरबरोबर क्लोरीन.

आणि आग. द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान ॲसिटोनचे उणे २०, आयसोप्रोपिलचे १२, रॉकेल आणि मिनरल टर्पेंटाइनचे ३५ ते ४० अंशांच्या आसपास. पुस्तकात शेवटचे दोन ‘तुलनेने सुरक्षित’ गटात येतात. जळगावच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या शेडमध्ये, दुपारी ते तसे उरत नाहीत. फवारा तर द्रवाचे आधीच कण करतो. पेट्रोलने ब्रश धुण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती ताबडतोब मोडली पाहिजे. पंखा, खिडकी आणि द्रावकाच्या वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, द्रावकाची वाफ अजिबात अडवत नाही. गॅसची शेगडी आणि पिण्याचे पाणी दुसऱ्या खोलीत असावे, आणि द्रावकात भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.