टनामागे चार शिलिंग!

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांचे काका, मामा किंवा शेजारचे दादा 'गल्फ'ला नोकरीला असतील. दुबई, कुवेत, सौदी ही नावं आपल्या घरांत इतकी सवयीची झाली आहेत, की तिथे पहिल्यापासूनच पैशांचा पाऊस पडत असावा असं वाटतं. पण नव्वद-एक वर्षांपूर्वी तिथले राजे पैशांच्या विवंचनेत होते. पायाखाली काय दडलंय, याचा त्यांना पत्ता नव्हता! ते शोधून काढण्यासाठी त्यांनी परदेशी कंपन्यांना मक्ते दिले. अशाच एका मक्त्याची ही गोष्ट. गोष्टीत राजा आहे, सोन्याची नाणी आहेत, वाळवंट आहे. आणि हो, थोडं गणितही आहे. घाबरू नका, सोपं आहे!

राजा मोठा, तिजोरी रिकामी

साल १९३२. अरबस्तानातले वेगवेगळे प्रांत जिंकून एकत्र करणाऱ्या अब्दुल अझीझ राजानं आपल्या राज्याला 'सौदी अरेबिया' हे नाव दिलं. जग या राजाला 'इब्न सौद' म्हणून ओळखत असे. राज्य अवाढव्य, पण उत्पन्न? मक्केला हजसाठी जगभरातून जे यात्रेकरू येत, त्यांच्याकडून मिळणारा पैसा हीच मुख्य मिळकत. आणि नेमकी तेव्हाच जगभर मंदीची लाट आली होती. लोकांच्याच खिशात पैसा नाही, तर ते यात्रेला कुठून येणार? एके काळी वर्षाला लाखाच्या घरात असलेली यात्रेकरूंची संख्या निम्म्याच्याही खाली घसरली. नोकरांचे पगार थकले, कर्ज वाढलं.

शेजारच्या बहारीन आणि कुवेतमध्येही तीच रड. तिथले लोक समुद्रात बुड्या मारून शिंपले काढत. त्यातले मोती आपल्या मुंबईच्या बाजारात येत आणि इथून पुढे जगभर जात. पण जपाननं शिंपल्यात मोती 'वाढवण्याची' युक्ती काढली, स्वस्त मोती बाजारात आले आणि वर मंदीचा तडाखा! मोत्यांचा धंदा पार बसला.

शोधायला गेले पाणी

वाळवंटातल्या राजाला सगळ्यात जास्त कशाची हाव असेल? पाण्याची! १९३१ साली कार्ल ट्विचेल नावाचा अमेरिकन खाण-इंजिनिअर सौदी राज्यात आला, तो जमिनीखालचं पाणी शोधायला. पाणी फारसं हाती लागलं नाही, पण पूर्वेकडच्या भागात तेल असू शकेल असं त्याचं मत झालं.

राजाला तेलाचं फारसं अप्रूप नव्हतं. त्याला कारणही होतं. १९२३ मध्ये फ्रँक होम्स या न्यूझीलंडच्या माणसानं राज्याच्या पूर्वेकडच्या अल-हासा प्रांताचा मक्ता घेतला होता. वर्षाला दोन हजार पौंड भाडं ठरलं. दोन वर्षं भाडं आलं, मग बंद! तेलाचा थेंब नाही आणि पैसेही नाहीत. राजानं तो मक्ता रद्द करून टाकला.

पण १९३२ च्या उन्हाळ्यात एक बातमी आली. समोरच्या छोट्याशा बहारीन बेटावर तेल लागलं! ते काढणारी कंपनी होती अमेरिकेतली 'स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया', म्हणजेच 'सोकाल'. बेटावरून सौदी किनारा दिसतो. मग बेटाखाली तेल आहे, तर पलीकडच्या जमिनीखाली का नसेल?

घासाघीस

१९३३ च्या सुरुवातीला बोलणी सुरू झाली. एका बाजूला राजाचा अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान, दुसऱ्या बाजूला सोकालचा वकील लॉईड हॅमिल्टन आणि त्याच्या मदतीला ट्विचेल. इराक पेट्रोलियम या कंपनीचा माणूसही जेद्दा शहरात तळ ठोकून होता. या कंपनीत ब्रिटिशांचा मोठा वाटा होता. तिथे तेल असेल असं तिला मनापासून वाटतच नव्हतं. तिचा हेतू एवढाच, की दुसऱ्या कुणाला तिथे शिरू द्यायचं नाही.

राजाला सल्ला द्यायला होता जॅक फिल्बी हा इंग्रज. पण गंमत बघा, हा फिल्बी गुपचूप सोकालकडूनही पगार घेत होता! राजाचा सल्लागार आणि कंपनीचा पगारी माणूस एकच. अशा वेळी सल्ला कुणाच्या फायद्याचा असेल, हे तुम्हीच ठरवा.

सौदींनी आधी मागितले एक लाख पौंड, तेही सोन्यात. इराक पेट्रोलियम दहा हजारांच्या वर जाईना. अखेर सोकालशी जमलं आणि २९ मे १९३३ रोजी जेद्दाच्या खुझाम महालात सह्या झाल्या. फिल्बीनं लिहून ठेवलंय, की कराराचा लांबलचक मसुदा वाचून दाखवत असताना राजाला चक्क डुलकी लागली होती! वाचन थांबलं तेव्हा तो जागा झाला आणि देवावर भरवसा ठेवून सही करायला त्यानं अर्थमंत्र्याला सांगितलं.

कागदावर काय होतं?

आता आपण मात्र डुलकी न घेता तो कागद वाचू या.

- कंपनीनं राजाला ३०,००० सोन्याचे पौंड उचल म्हणून द्यायचे आणि पहिल्या वर्षाचं भाडं ५,००० पौंड. दीड वर्षानं आणखी २०,००० पौंड उचल.
- पुरेसं तेल सापडलं की रॉयल्टीपोटी ५०,००० पौंड आगाऊ, आणि वर्षभरानं आणखी ५०,०००.
- जमिनीतून निघणाऱ्या दर टन तेलामागे राजाला चार शिलिंग, सोन्याच्या भावानं. यालाच 'रॉयल्टी' म्हणतात. उचल दिलेले पैसे यातूनच वळते करून घ्यायचे.
- मुदत ६० वर्षं.
- मक्त्याचं क्षेत्र सुमारे ३,६०,००० चौरस मैल. म्हणजे आपला महाराष्ट्र तीन वेळा मावेल एवढं!
- कंपनीवर कोणताही कर बसवायचा नाही.

कुवेतच्या शेखनं पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९३४ रोजी असाच करार केला, तोही ७५ वर्षांसाठी. त्यातले आकडे वाचून तुम्ही चकित व्हाल. सही करताना ४,७५,००० रुपये आणि तेलाच्या दर टनामागे ३ रुपये. हो, रुपयेच! कारण त्या काळी आखातातल्या बाजारांत आपलाच हिंदुस्थानी रुपया चालत असे. कुवेतनं आपला दिनार सुरू केला तो थेट १९६१ मध्ये.

सात पेट्या सोनं

करार झाला, पण सोनं आणायचं कुठून? अमेरिकेत मंदीमुळे सोनं देशाबाहेर न्यायला नुकतीच बंदी आली होती. राजाला तर कागदी नोटा नको होत्या. मग कंपनीनं लंडनमधून ३५,००० सोन्याचे पौंड मिळवले, सात पेट्यांत भरले आणि बोटीनं जेद्दाला पाठवले. ऑगस्ट १९३३ मध्ये तिथल्या बँकेत टेबलावर ओतून ते एकेक करून मोजण्यात आले. एका नाण्याचं वजन जवळजवळ आठ ग्रॅम. म्हणजे टेबलावर सुमारे २८० किलो सोनं! राजाची त्या वेळची नड भागली.

सहा विहिरींची निराशा

सप्टेंबरमध्ये कंपनीचे पहिले भूगर्भशास्त्रज्ञ जुबैलच्या किनाऱ्यावर उतरले. दाढ्या वाढवलेल्या, डोक्याला अरबी रुमाल. त्यांच्याकडे शास्त्र होतं, पण वाळवंटाची माहिती नव्हती. ती होती खमीस बिन रिमथान या बेदुइन वाटाड्याकडे. कुठल्या टेकडीमागे विहीर आहे, हे तो नकाशाशिवाय सांगे.

दम्मामजवळ १९३५ मध्ये पहिली विहीर खणायला घेतली. थोडा गॅस, थोडं तेल, बाकी काही नाही. दुसरीनं आशा दाखवली आणि मग पाणीच ओकायला लागली. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी... एकही धड नाही! अमेरिकेतले मालक विचारू लागले, 'अजून किती पैसे वाळूत घालायचे?' मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ मॅक्स स्टाइनेके याचं म्हणणं एकच, आणखी खोल जाऊ या.

मार्च १९३८. सातव्या विहिरीत सुमारे १,४४० मीटर खोलीवर तेल लागलं. पहिल्याच दिवशी दीड हजारांवर पिंपं! ही विहीर पुढे १९८२ पर्यंत चालू राहिली आणि तिनं तीन कोटींहून अधिक पिंपं तेल दिलं.

१ मे १९३९ रोजी रास तनुरा बंदरात तेलवाहू जहाज उभं होतं. मोटारींचा मोठा ताफा घेऊन राजा वाळवंट ओलांडून आला आणि त्यानं स्वतःच्या हातानं तेलाचा व्हॉल्व्ह उघडला. त्याच महिन्यात मक्त्याचं क्षेत्र वाढवणारा पुरवणी करार झाला. आता मात्र राजाला सही करतानाच १,४०,००० पौंड मिळाले. तेल दिसल्याबरोबर भाव कसा वाढला बघा!

मग फसवलं कुणी?

तुम्ही म्हणाल, कंपनीनं राजाला गंडवलं. पण थांबा. तेल लागलंच नसतं, तर? तर राजाकडचं सोनं राजाकडेच राहिलं असतं आणि कंपनीचे सगळे पैसे बुडाले असते. धोका कंपनीचा होता. न दिसलेल्या तेलासाठी राजाला रोख सोनं मिळालं होतं.

खरी गोम वेगळीच होती. चार शिलिंग हा आकडा ठरलेला होता. कंपनीला भरमसाट नफा झाला, तरी राजाला टनामागे तेवढेच! आणि करही लावायचा नाही. १९४९ साली काय झालं माहितीये? 'अराम्को' हे नवं नाव घेतलेल्या या कंपनीनं अमेरिकन सरकारला ४ कोटी ३० लाख डॉलर कर भरला. आणि ज्याच्या जमिनीतून तेल निघालं त्या सौदी अरेबियाला मिळाले ३ कोटी ९० लाख डॉलर. मालकापेक्षा पाहुण्याच्या सरकारला जास्त!

हे सौदींच्या लक्षात कसं आलं? एक तर ते आता हिशेब बघायला शिकले होते. दुसरं म्हणजे दूरच्या व्हेनेझुएला देशानं नफ्यात निम्मा वाटा मिळवला होता. तो कसा मिळवला, याचे कागद अरबी भाषेत भाषांतर करून त्यांनी आपली माणसं आखाती देशांकडे धाडली होती. अखेर ३० डिसेंबर १९५० रोजी सौदी अरेबिया आणि अराम्को यांच्यात नवा करार झाला. नफा निम्मा-निम्मा!

तरीही तेलाचा भाव ठरवायचा हक्क कंपन्यांकडेच होता. १९६० मध्ये त्यांनी कुणालाही न विचारता भाव उतरवले. तेव्हा सौदी अरेबियाच्या तेलखात्याचा कारभार बघत होता अब्दुल्ला तारिकी. यानं अमेरिकेत टेक्सासला जाऊन तेलाचंच शिक्षण घेतलं होतं. कंपनीच्या माणसांइतकंच त्यालाही भूगर्भातलं आणि हिशेबातलं कळत होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बगदादला सौदी अरेबिया, इराक, इराण, कुवेत आणि व्हेनेझुएला एकत्र आले आणि 'ओपेक' ही संघटना जन्मली. पुढे सौदी सरकारनं अराम्कोतला आपला हिस्सा वाढवत नेला. १९८० पर्यंत सगळी कंपनीच त्यांची झाली. पहिल्या कागदाप्रमाणे मक्ता १९९३ पर्यंत चालायचा होता!

१९३३ च्या त्या टेबलाच्या एका बाजूला वकील आणि इंजिनिअर बसले होते, दुसऱ्या बाजूला रिकामी तिजोरी. १९६० मध्ये मात्र दोन्ही बाजूंना जाणकार होते. तेल तेच, वाळू तीच. फरक पडला तो शिकलेल्या माणसांमुळे. तेव्हा दोस्तांनो, पुढे मोठे झाल्यावर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि वाचताना डुलकी मात्र घेऊ नका!

करून पाहा

१. एका पौंडात २० शिलिंग. तर राजाला एक सोन्याचा पौंड मिळण्यासाठी किती टन तेल निघायला हवं?
२. ३०,००० पौंडांच्या उचलीइतकी रॉयल्टी किती टन तेलावर जमा होईल?

(उत्तरं : १. पाच टन. २. १,५०,००० टन.)