दाताचे माप आता कॅमेऱ्याने. पण ते किती अचूक?

रूट कॅनल झाले की दाढेवर कॅप बसवायची वेळ येते आणि त्यासाठी दाताचे माप द्यावे लागते. आतापर्यंत माप म्हणजे लगदा भरलेला ट्रे तोंडात दाबून काही मिनिटे निमूट बसणे. अनेकांना त्याने उबळ येते. आता बऱ्याच दवाखान्यांत त्याऐवजी हातात मावणारा कॅमेरा दातांवरून फिरवला जातो आणि समोरच्या पडद्यावर जबड्याची त्रिमितीय प्रतिमा तयार होते. हा इंट्राओरल स्कॅनर. रुग्णाला आराम मिळतो हे खरे. पण कॅप नीट बसणार का?

प्रश्न केसाएवढ्या फटीचा

कॅपची कड आणि दात यांच्यात थोडी फट राहतेच. ती सिमेंटने भरली जाते. ही फट १२० मायक्रॉनपर्यंत चालू शकते, असा निष्कर्ष मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये मांडला. तोच आकडा आजही प्रमाण मानला जातो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फट मोठी असेल तर सिमेंट झिजते, जंतू शिरतात आणि कॅपखाली कीड लागते. रूट कॅनल केलेल्या दाताची नस काढलेली असल्याने ही कीड दुखतही नाही. कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

अचूक म्हणजे नेमके काय?

तज्ज्ञ दोन गोष्टी तपासतात. माप खऱ्या आकाराच्या किती जवळ आहे आणि पुन्हा पुन्हा घेतले तर तेच येते का. दुकानातला काटा दर वेळी ५० ग्रॅम जास्तच दाखवत असेल, तर दुसऱ्या परीक्षेत तो पास, पहिल्या परीक्षेत नापास.

स्कॅनर एकच फोटो काढत नाही. तो एका वेळी दाताचा लहानसा भाग टिपतो आणि सॉफ्टवेअर अशा असंख्य प्रतिमा एकमेकींना जोडते. प्रत्येक जोडात किंचित चूक होते. वितीने पुस्तक मोजले तर फारसे बिघडत नाही, खोली मोजली तर फरक वाढत जातो, तसेच हे. एक-दोन दातांच्या कॅपसाठी चांगल्या स्कॅनरची चूक सहसा ५० मायक्रॉनच्या आत राहते आणि तो लगद्याच्या मापाच्या तोडीस उतरतो. एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण जबडा स्कॅन केला, तर ती १०० मायक्रॉनच्या पुढे जाऊ शकते. अनेक इम्प्लांटवर एकसंध दात बसवायचे असतील तेव्हा हे जास्त नडते. नैसर्गिक दात मुळाभोवतीच्या तंतूंमुळे थोडा हलतो आणि किरकोळ चूक पोटात घेतो. हाडात घट्ट बसलेला इम्प्लांट जवळपास हलतच नाही.

कॅमेऱ्याचे शत्रू

लाळ, रक्त आणि हिरडी. दाताची कड हिरडीखाली गेली असेल तर लगदा दाबाने तिथे पोचू शकतो, प्रकाश पोचत नाही. म्हणून डॉक्टर आधी बारीक दोरा घालून हिरडी बाजूला सारतात. चकाकणारे चांदीचे जुने सिमेंटही प्रकाश परतवून गोंधळ घालते. डॉक्टर कॅमेरा कोणत्या क्रमाने फिरवतात, यावरही निकाल बदलतो.

अर्थात जुनी पद्धत निर्दोष नव्हतीच. अल्जिनेटचा लगदा वाळला की आकसतो, प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगते. शिवाय चूक अनेकदा लॅबमध्ये साचा ओतल्यावर कळायची आणि रुग्णाला परत यावे लागायचे. स्कॅनमध्ये ती तिथेच, मोठी होऊन दिसते आणि तेवढाच भाग पुन्हा टिपता येतो.

तंत्र तसे नवे नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक विद्यापीठातील वर्नर म्योरमान आणि अभियंता मार्को ब्रँडेस्टिनी यांनी कॅमेऱ्याने माप घेऊन यंत्रावर कोरलेला दाताचा तुकडा १९८५ मध्येच रुग्णाला बसवला होता. तेव्हा दातावर पांढरी पावडर फवारावी लागे. आजच्या बहुतेक यंत्रांना ती लागत नाही.

रुग्णाने काय पाहावे?

स्कॅन झाल्यावर तयार केलेल्या दाताची कड पडद्यावर दाखवायला सांगावे. ती सगळीकडून सलग दिसली पाहिजे. कुठे पुसट किंवा तुटक असेल तर कॅप बनवायला जाण्याआधीच पुन्हा स्कॅन करता येतो. कॅप कायमची चिकटवण्याआधी शेजारच्या दातामधून फ्लॉस किंचित अडखळत जातो का आणि चावताना ती उंच लागते का, हे डॉक्टरांना सांगावे.