गुडघ्यांचे आधार

सेवानिवृत्तांच्या बैठकीत पूर्वी पेन्शनीच्या गोष्टी निघत. आता गुडघ्यांच्या निघतात. आमचे दिल्लीतील सरकारी घर दुसऱ्या मजल्यावर आहे. गेल्या हिवाळ्यात जिना उतरणे जड जाऊ लागले आणि माझ्या आईला खालच्या बागेतील मैत्रिणींची संध्याकाळ अंतरली. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने मग घरात दोन वस्तू आल्या : गुडघ्याचा पट्टा आणि बुटात घालायचा, बाहेरच्या कडेला उंच असा इनसोल.

या वस्तू करतात तरी काय? गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजले म्हणजे सांधा दुखतो, आखडतो. चालताना भार गुडघ्याच्या आतल्या अंगावर अधिक पडतो. म्हणून झीजही बहुधा तेथेच अधिक होते. तो भार थोडा बाहेरच्या अंगाकडे सरकवावा, ही या साधनांमागील कल्पना होय.

मऊ पट्ट्याने ऊब व आधार मिळतो. भार सरकवायचा तर बाजूला ताठ पट्ट्या असलेला, मापाचा ब्रेसच हवा. उंच कडेच्या इनसोलने आतला भार किंचित घटतो खरा. परंतु २०१३ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र पडताळले, तेव्हा साध्या सपाट इनसोलहून त्याने वेदना अधिक शमतात असे दिसले नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेतही, चालण्यात फार अडचण येणाऱ्यांसाठी ब्रेसची शिफारस आहे, अशा इनसोलची नाही. व्यायाम, वाढलेले वजन उतरवणे आणि हातातली काठी यांचा मात्र तीत ठाम पुरस्कार आहे.

काठीचे नाव काढताच आई म्हणाली, "अरे, काठी धरली की लोक म्हातारी म्हणतील!" पट्टा पदराआड लपतो, काठी लपत नाही, अडचण होती ती एवढीच. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते, हेही आम्हाला डॉक्टरांकडूनच कळले. खुर्चीत बसून पाय सरळ करून काही क्षण तसाच धरायचा, हा मांडीच्या स्नायूंचा व्यायामही त्यांनीच शिकवला. कारण गुडघ्याचा खरा पट्टा हे स्नायूच होत.

इनसोल आता कपाटात आहे. आई मात्र कठडा आणि काठी धरून, सावकाश का होईना, पुन्हा बागेत जाते. तिच्या तीन मैत्रिणींनीही काठ्या मागविल्या आहेत.