वलयी संयुगांची परिभाषा

ज्या रेणूंत अणूंच्या साखळीची दोन्ही टोके परस्परांस जोडली जाऊन साखळी बंद झालेली असते, त्यांच्या संयुगांना वलयी संयुगे म्हणतात. वलयातील सर्व अणू एकाच मूलद्रव्याचे असल्यास संयुग समवलयी (उदा., बेंझीन) आणि कार्बनाबरोबर ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक यांसारख्या मूलद्रव्यांचे अणूही असल्यास ते विषमवलयी (उदा., फ्युरान) होय.

जुनी नावे बहुधा उगमावरून पडली. ‘फुरफुर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ कोंडा. कोंड्यापासून मिळणाऱ्या द्रवास फुरफुराल व त्यातील पंचघटकी वलयास फ्युरान हे नाव त्यावरून मिळाले. अशा नावांवरून संरचना कळत नाही. आर्थर हांच (१८८७) व ऑस्कर विडमान (१८८८) यांच्या पद्धतीत नावाचा पूर्वार्ध कार्बनेतर अणू (ऑक्सा–ऑक्सिजन, थाया–गंधक, ॲझा–नायट्रोजन) आणि उत्तरार्ध वलयाचा आकार व संतृप्तता दर्शवितो. त्यानुसार थायाझोल म्हणजे गंधक व नायट्रोजन असलेले असंतृप्त पंचघटकी वलय.

‘ॲरोमॅटिक’ या संज्ञेचा शब्दशः अर्थ सुगंधी असा असला, तरी आज ती वलयभर विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे येणारे विशेष स्थैर्य दर्शविते. दुर्गंधी पिरिडीन ॲरोमॅटिक आहे. सुवासिक कापूर वलयी असूनही ॲरोमॅटिक नाही. म्हणून ‘वलयी’सारखी रचनादर्शक संज्ञा मराठीत सहज रुळते, पण ‘ॲरोमॅटिक’चे भाषांतर दिशाभूल करते व मूळ शब्दच ठेवणे इष्ट ठरते.

श्रीरामपूर (जि. अहिल्यानगर) परिसरातील हरेगाव व टिळकनगर ही गावे साखर कारखान्यांमुळे प्रसिद्धीस आली. या उद्योगातील एका नित्याच्या हानीचे वर्णन वलयांच्या परिभाषेत नेमके करता येते. उसातील साखरेच्या (सुक्रोजाच्या) रेणूत ग्लुकोजाचे षट्घटकी (पायरॅनोज) व फ्रुक्टोजाचे पंचघटकी (फ्युरॅनोज) वलय जोडलेले असते. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिल्यास हा बंध तुटून अपवृत्त शर्करा तयार होते व मुक्त झालेले फ्रुक्टोज पाण्यात मुख्यत्वे षट्घटकी रूप घेते. शर्करांचे एकूण प्रमाण फारसे न घटताही स्फटिकरूप साखरेचा उतारा त्यामुळे कमी होतो. ‘फ्रुक्टोज’ हे नाव दोन्ही अवस्थांत तेच राहते. वलयातील बदल पायरॅनोज व फ्युरॅनोज या संज्ञाच दाखवितात. शर्करांच्या वलयरचनेवरील संशोधनात अग्रणी असलेल्या वॉल्टर नॉर्मन हॉवर्थ यांना १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.