एक तास, चार बॉल, अठरा मुलं

हातखंबा तिठ्यावर उभं राहिलं की एक रस्ता मुंबईकडे जातो, एक रत्नागिरीत उतरतो आणि एक गोव्याकडे. या गोव्याच्याच रस्त्याने पालीपर्यंत जाऊन पुढे आंबा घाट चढला की कोल्हापूर. भूगोलाची ही साधी माहिती आमच्या फुटबॉल टीमला मात्र टेन्शन देते. शालेय स्पर्धांमध्ये रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. म्हणजे तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, की समोर उभी राहणार ती शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबच्या मॅचेस बघत मोठी झालेली पोरं. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपल्याकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच.

आणि आमची टीम? आत्याच्या वाडीतली आणि आसपासची अठरा मुलं-मुली, वय दहा ते चौदा. बॉल चार, त्यातल्या एकाची हवा रोज जाते. गेल्या वर्षी जूनमध्ये परीक्षा संपवून मी आत्याकडे राहायला आले, तर दुसऱ्याच दिवशी ही गँग दारात. "ताई, तू कॉलेजच्या टीममध्ये होतीस ना? मग आम्हाला शिकव." टीममध्ये होते हे खरं होतं. बहुतेक वेळ बेंचवर होते, हे काही मी सांगितलं नाही.

माझी पहिली प्रॅक्टिस अगदी 'प्रॉपर' होती. ग्राउंडला पाच राउंड. मग सगळ्यांना अर्धगोलात बसवून पासिंगवर भाषण. मग दोन रांगा, एक गोलपोस्ट, एकेकाने यायचं आणि शूट करून रांगेच्या शेवटी जायचं. मी स्वतः शाळेत असंच शिकले होते. आतेभावाने हौसेने मोबाईलवर शूटिंग केलं होतं, ते रात्री बघत बसले. रांगेत मागे उभा असलेला एक बारका मुलगा सारखा दिसत होता. कधी बुटाने मातीत रेघोट्या मारतोय, कधी पुढच्याची टोपी उडवतोय. त्याचा पाय बॉलला किती वेळा लागला ते मी मोजलं. तासाभरात सात वेळा. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. शेजारच्या मळ्यात क्रिकेट खेळत होता आणि त्याचं काहीही चुकलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीत गावी गेल्यावर असेच अचानक 'कोच' होतात, म्हणून हे सांगतेय. गणित सोपं आहे. एका बॉलवर अकरा विरुद्ध अकरा खेळवलं, बॉल एकदाही बाहेर गेला नाही असं धरलं, तरी तासाभरात एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. तोच तास चार विरुद्ध चार खेळवला तर साडेसात मिनिटं येतात. रांग लावली तर किती, ते मी मोजलंच होतं. जर्मनीसारख्या देशानेही २०२४ पासून लहान वयोगटांत मोठ्या मॅचेस बंद करून छोट्या मैदानावर, छोट्या गोलपोस्टचे, मोजक्या खेळाडूंचे खेळ सक्तीचे केले. त्यामागची एक मोठी प्रेरणा म्हणजे होर्स्ट वाइन या कोचने मांडलेला तीन विरुद्ध तीन, चार गोलपोस्टचा खेळ. गंमत म्हणजे हे गृहस्थ मूळचे हॉकीचे कोच.

मग मी वही काढली. प्रॅक्टिसच्या आधी दहा मिनिटं बसून एकच पान लिहायचं आणि त्या पानावर सगळ्यात वर एकच विषय. 'बॉल पायात आल्यावर पहिला टच' म्हणजे त्या दिवशी तेवढंच. हेडिंग, कॉर्नर, ऑफसाइड सगळं दुसऱ्या दिवशी. (दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हेडिंगची प्रॅक्टिस देऊच नका. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिकच्या मुलांसाठी ती बंद आहे.) विषय एकच ठेवणं ऐकायला सोपं वाटतं. करताना जीभ आवरत नाही. मुलगा पहिला टच चुकवतो, तेव्हा त्याची उभं राहायची पद्धतही चुकलेली दिसते, पासही आणि नजरही. चारही गोष्टी सांगितल्या तर त्याला एकही कळत नाही.

सुरुवात कशी करायची हे मला एसटीने शिकवलं. निवळीकडची मुलं एका गाडीने येतात, पालीकडची दुसरीने, वाडीतली चालत. सगळे जमेपर्यंत थांबलं तर वीस मिनिटं जातात. म्हणून चौघं आले की लगेच दोन विरुद्ध दोन सुरू. पुढचे येतील तसे त्यात घुसतात. कुणी उशिरा आलं म्हणून ओरडायचं कारणच उरत नाही.

त्यानंतर वॉर्म-अप, आणि इथे मात्र कंजुषी नको. 'फिफा ११+ किड्स' नावाचा सात ते तेरा वयोगटासाठीचा व्यायामांचा संच आहे. एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, पडताना अंग सावरणं असले साधे प्रकार. चार युरोपीय देशांतल्या सुमारे ३,९०० मुलांवर झालेल्या अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, हा वॉर्म-अप करणाऱ्यांच्या दुखापती ४८ टक्क्यांनी कमी आढळल्या. आपल्याकडे तर खाली जांभा असतो. कातळावर पडलेल्याचा गुडघा बघितला असेल त्याला टक्केवारी सांगायला नको. सड्यावर खेळताना स्लायडिंग टॅकल पूर्ण बंद, हा आमचा पहिला नियम.

मग चौकोन. आठ-दहा पावलांचा, कोपऱ्यांवर चपला. बाहेर चौघं पास देणार, आत एक जण बॉल काढायला बघणार. बॉल काढला की जागा बदलायची. याला रोंदो म्हणतात आणि बार्सिलोनाची मोठी टीमसुद्धा हेच खेळते, हे सांगितल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा होता. चार बॉल म्हणजे चार चौकोन, म्हणजे अठरापैकी कुणीही रिकामं नाही. एखाद्या चौकोनाला फार सोपं जातंय असं दिसलं की मी काही बोलत नाही, एक चप्पल दोन पावलं आत सरकवते. फार अवघड जात असेल तर बाहेर सरकवते. त्या चपलेने माझं अर्धं कोचिंग केलंय.

शेवटची पंचवीस मिनिटं मॅच. तीसुद्धा चार-पाच जणांच्या टीम करून, दोन मैदानांवर. एका टीमने टीशर्ट उलटे घालायचे. यात दिवसाच्या विषयाची एक अट टाकायची, उदाहरणार्थ पहिल्या टचनंतर लगेच पास गेला आणि गोल झाला तर तो डबल. आणि शेवटची दहा मिनिटं कसलीच अट नाही, शिट्टीही नाही. ही दहा मिनिटं मी एकदा कापली होती. पोरं दोन दिवस नीट बोलली नाहीत.

पावसाचं काय, हे कोकणात विचारायलाच नको. पाऊस थांबायची वाट बघितली तर प्रॅक्टिस थेट भातकापणीनंतर, आणि शालेय मॅचेस त्याच्या आधीच येऊन ठेपतात. तेव्हा भिजायचं. पण पाणी साचलं की जमिनीवरचा पास डबक्यात मरतो. अशा दिवशी पासिंग शिकवण्याचा हट्ट मी सोडला. त्या दिवशी बॉल उचलून देणं, तळव्याखाली दाबून वळणं. वहीत म्हणून प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत, 'कोरडं' आणि 'चिखल'. गडगडाट ऐकू आला तर मात्र तिसरा रकाना नाही. सगळे पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारी हे विशेष सांभाळा. यावर मुलं कितीही गयावया करोत, ऐकू नका.

एक गोष्ट मला अजून जमलेली नाही. दहा वर्षांची मुलगी आणि चौदाचा मुलगा एकाच चौकोनात असले की ती बॉलपासून लांब राहते. वयाप्रमाणे गट केले तर भावंडं वेगळी होतात आणि धाकटी रुसतात. सध्या एक दिवस वयाचे गट, एक दिवस मिसळ, असं चाललंय. कोचिंगचा रीतसर कोर्स केला तर याचं उत्तर मिळेल अशी आशा आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्सची चौकशी करून ठेवली आहे, इंटर्नशिपचे पैसे जमले की बघू.

तो बारका मुलगा तिसऱ्या आठवड्यात परत आला. राउंड मारायचे नसतात हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. स्पर्धेत आम्ही पहिलीच मॅच ०-२ ने हरलो, कोल्हापूर फारच लांब राहिलं. येताना गाडीत सगळे गप्प होते. तिठा आल्यावर उतरता उतरता तो म्हणाला, "ताई, उद्या चौकोन थोडा लहान कर ना. ते लोक लई जवळ येत होते."

दुसऱ्या दिवशी चौदा जण आले. चौकोन सहा पावलांचा केला.