पुस्तक पूर्ण वाचलंत का?

ग्रंथालयाचं पुस्तक खाकी कागदात गुंडाळायचं तर आधी त्याचा बारकोड कुठे आहे ते बघावं लागतं. तेवढ्या जागी कागदाला खिडकी कापायची, म्हणजे वेष्टन न सोडवता देवघेवीच्या टेबलावर नोंद होते. चिकटपट्टी फक्त कागदाला लावायची, पुस्तकाला तिचा स्पर्शही होता कामा नये. ऑन्टारिओतल्या ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी अर्धवेळ काम करते, तिथे फेब्रुवारीच्या अखेरची तयारी अशी सुरू होते. कागदावर ना पुस्तकाचं नाव, ना लेखकाचं. त्या पुस्तकाविरुद्ध कुठे, कधी आणि काय तक्रार झाली, एवढंच दोन ओळींत लिहायचं. वाचक तक्रार वाचून पुस्तक निवडतो. आपण काय आणलंय ते त्याला घरी गेल्यावर कळतं.

वाचनस्वातंत्र्याचा हा ‘फ्रीडम टू रीड’ सप्ताह कॅनडात १९८४पासून साजरा होतो. त्याच्या आगेमागे आमच्या ऑन्टारिओत बरंच काही घडत होतं. मार्गारेट लॉरेन्स यांची ‘द डिव्हाइनर्स’ ही कादंबरी १९७४ साली आली, तिला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. दोनच वर्षांत, लॉरेन्स राहत होत्या त्याच लेकफील्ड गावातल्या शाळेतून ती काढून टाकण्याची मागणी झाली. आपल्याच गावचे लोक आपलं पुस्तक अश्लील ठरवतात, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. समितीने कादंबरी वाचली आणि ठेवली. ऐंशीच्या दशकात पुन्हा तक्रारी आल्या, तेव्हाही ती टिकली.

सप्ताहात व्याख्यानं होतात, जाहीर वाचन होतं. पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचा कार्यक्रम शनिवार दुपारचा. तो गावातल्या सगळ्यांना खुला असतो. आलेल्या लोकांचे पाच-पाच जणांचे गट करतात. प्रत्येक टेबलावर एक पुस्तक आणि त्याविरुद्धच्या तक्रारीचा अर्ज, आणि तुम्हीच समिती! आमच्या टेबलावर एक निवृत्त परिचारिका, शिक्षणशास्त्राचे दोन विद्यार्थी, एक तरुण आई आणि एक आजोबा होते. मी टिपणं घ्यायला बसले होते.

पुस्तक होतं ‘अँड टँगो मेक्स थ्री’. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात दोन नर पेंग्विनांनी मिळून अंडं उबवलं, पिल्लू वाढवलं. त्या खऱ्या घटनेवरचं २००५ सालचं चित्रपुस्तक. अमेरिकेत वर्षानुवर्षं त्याच्यावर तक्रारी होत आल्या आहेत. भावी शिक्षकांसाठी आमच्याकडे बालपुस्तकांचा मोठा संग्रह आहे, त्यातलीच ही प्रत.

अर्जावरचा एक प्रश्न असा: पुस्तक पूर्ण वाचलंत का? पुढचे प्रश्न: नेमका आक्षेप कशावर, कोणत्या पानावर? पुस्तकात चांगलं काही आढळलं का? ग्रंथालयाने काय करावं? याच विषयावर दुसरं कोणतं पुस्तक सुचवाल? नियमही समजावून सांगतात. निर्णय होईपर्यंत पुस्तक मांडणीवरच राहतं. समितीतल्या प्रत्येकाने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. तक्रार करणाऱ्याला कारणांसह लेखी उत्तर द्यायचं.

आजोबांनी पुस्तक सावकाश वाचलं आणि सरळ सांगितलं, “मी हे माझ्या नातवाला वाचून दाखवणार नाही.” कुणी हरकत घेतली नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “तसंच लिहा. आता पुढचा रकाना भरा. ग्रंथालयाने काय करावं?” पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं. मग त्यांनी लिहिलं: मोठ्यांच्या विभागात हलवावं.

खरी चर्चा इथून रंगली. पुस्तक काढूनच टाका असं सगळेच म्हणत नाहीत. जागा बदला, असंही पुष्कळदा मागितलं जातं. ऐकायला ते किती समजूतदार वाटतं! परिचारिकाबाईंनी विचारलं, मूल चित्रांची पुस्तकं कुठे शोधतं? त्याच्या उंचीच्या फळीवर. तिथे नसेल तर त्याच्यापुरतं ते पुस्तक नाहीच. तरुण आई म्हणाली, काउंटरवर मागितलं तर मिळेल ना. त्यावर एक विद्यार्थी म्हणाला, अशी पुस्तकं ज्याला सर्वांत जास्त हवी असतात ते मूल काउंटरवर जाऊन मागत नाही. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग तिने आपलं मत बदललं. आजोबांनी बदललं नाही. चार विरुद्ध एक. अहवालात आजोबांचं मत त्यांच्याच शब्दांत गेलं, आणि मला ते फार योग्य वाटलं. ज्याचं म्हणणं मान्य झालं नाही, त्याचंही ऐकून घेतलेलं कागदावर दिसायला हवं.

माझ्या मनात मात्र मुंबई होती. खाकी कागदातल्या पुस्तकांत रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ मीच गुंडाळली होती. मिस्त्री मूळचे मुंबईचे, स्थायिक झाले ते इथे ऑन्टारिओत. १९७१च्या मुंबईतल्या एका पारशी कुटुंबाची ही कादंबरी १९९१ साली आली आणि बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत गेली. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात ती होती. २०१० साली तिच्यावर राजकीय आक्षेप आला, प्रती जाळल्या गेल्या, आणि कुलगुरूंनी आपले विशेष अधिकार वापरून ती अभ्यासक्रमातून काढली. पाच माणसांनी बसून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी, आक्षेपाची पानं समोर ठेवून वाद घालावा, कारणं लिहून द्यावीत, एवढा वेळही तिला मिळाला नाही. कादंबरीत मराठी माणसाला बोचेल असं काही आहे का? आहे. मलाही काही वाक्यं बोचली. पण ती मी वाचून मग बोचली, आणि त्यांच्यावर भांडायला मला पुस्तक हातात हवं आहे.

महाराष्ट्रात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी वाचनालयं आहेत. कुणी दमदाटी करत आलं तर तिथला ग्रंथपाल एकटा पडतो. त्याच्या हाती निदान एक छापील कागद असावा, म्हणून हा अर्ज मी मराठीत लिहून काढला आहे. पानभरात बसतो. शाळकरी वयात मी ज्या वाचनालयाची सभासद होते, तिथे पहिली प्रत पाठवली आहे. कार्यकारिणीपुढे तो विषय ठेवायचं त्यांनी कळवलं आहे. मी त्यांना एवढंच सुचवलंय की, पूर्ण वाचल्याचा प्रश्न सर्वांत वर आणि ठळक अक्षरांत छापा.